डाव्या खांद्याची बंदूक

हौकिवारा, १४ एप्रिल

ओईवा,

पाकिटावरचं अक्षर पाहून तू म्हटलं असशील, ताई नाताळ सोडून एप्रिलमध्ये कशी उगवली, कोण गेलं? कुणी गेलेलं नाही. गावातले सगळे जिवंत आहेत आणि पूर्वीइतकेच त्रासदायक आहेत. मला नवी बंदूक घ्यायची आहे आणि तुझा सल्ला हवाय, एवढंच.

फोन का नाही केला म्हणशील. तुला फोन करणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघणं. मी दहा वाक्यं बोलते, तू 'हं' म्हणतोस, मग स्वीडनमधल्या हवेबद्दल एक वाक्य, की संपलं. शिवाय मी जन्मभर लोकांची पत्रं दारोदार पोचवली. आता निवृत्त झाल्यावर माझं एखादं पत्र दुसऱ्या कुणाला तरी वाहू दे.

झालं असं की, हिवाळ्यात मला बंदुकीच्या दुर्बिणीच्या काचेवर मधोमध एक डाग दिसायला लागला. पुस पुस पुसला. मग तोच डाग स्वयंपाकघरातल्या घड्याळावर दिसला, आणि रविवारी चर्चमध्ये पाद्रीबाईंच्या नाकावर. तेव्हा कळलं, डाग काचेवर नाही, माझ्या उजव्या डोळ्यात आहे. काजानी शहरातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हा जायचा नाही, पण डावा डोळा तिशीतल्या बाईसारखा आहे. मी म्हटलं, चला, चौसष्टाव्या वर्षी काहीतरी तिशीतलं उरलं.

म्हणजे एक तर शिकार सोडायची, नाहीतर खांदा बदलायचा. शिकार मी सोडणार नाही. नवरा होता तोवर बोलायला तो होता; एस्को गेल्यापासून घरात बोलायला एक कुत्री आहे, तुइस्कू, आणि ऑक्टोबर उजाडला की दर शनिवारी शिकार मंडळातली अकरा माणसं. ती अकरा माणसं शहाणी आहेत असं मी म्हणणार नाही, पण ती माझी आहेत.

डाव्या खांद्यावरून मारायचं तर बंदूकही डावरी हवी, बोल्ट डाव्या बाजूला असलेली. एक गोळी सुटली की मूठ उचलायची, मागे ओढायची, पुढे ढकलायची, तेव्हा दुसरी गोळी नळीत जाते. ती मूठ भलत्या बाजूला असली तर सगळा खेळखंडोबा. हे मी तुला सांगतेय म्हणजे माशाला पोहणं शिकवणंच झालं. पण आख्ख्या दुनियेत मला माहीत असलेला डावखुरा नेमबाज तू एकटा.

जुनं उकरणार नाही असं ठरवून बसले होते. एकदाच उकरते आणि झाकते. तू एकोणीस वर्षांचा होतास. बाबांनी तुला दलदलीच्या कडेचं, दबा धरून बसायचं ठाणं दिलं आणि हातात स्वतःची उजवी बंदूक दिली. तू त्यांना सांगितलं होतंस की बोल्ट हाताला येत नाही. ते म्हणाले, नाचता येईना अंगण वाकडं. मूस आलं, घोड्याएवढं थोराड हरीणच ते, तुझी पहिली गोळी हुकली, आणि तू हात वरून पलीकडे नेऊन दुसरी भरेपर्यंत ते आरामात दलदल ओलांडून गेलं. इतकंच असतं तर विसरलं गेलं असतं. पण नोव्हेंबरात मंडळाने नेहमीप्रमाणे सगळ्या जमीनमालकांना मूसच्या रश्श्याचं जेवण घातलं. तू पंगतीत रस्सा वाढत होतास, आणि बाबांनी भरल्या सभागृहात तुझी ती फजिती नक्कल करून दाखवली. सगळे हसले. मंडळातला ताउनो सगळ्यांत जोरात हसला. वसंतात तू स्वीडनला, वेस्तेरोसच्या कारखान्यात लागलास. बाबांच्या मातीला आलास, केकचा एक तुकडा खाल्लास आणि त्याच बसने परत गेलास. झाकलं.

हे पत्र नुसतं बंदुकीसाठी आहे असं वर लिहिलंय, ते अर्धंच खरं. उरलेलं अर्धं असं, की एकदा, एखाद्या ऑक्टोबरात, तू आमच्याबरोबर जंगलात यावंस अशी माझी फार इच्छा आहे. हे लिहायचं नव्हतं. पण लिहून गेले, आणि मला खोडाखोड आवडत नाही.

तुझी ताई,
केर्त्तू


९ मे

ओईवा,

पोस्टकार्ड मिळालं. चार ओळी! आपल्या दोघांच्या पत्रव्यवहारातला हा उच्चांक आहे. तुझं कार्ड मी फ्रिजवर लावलंय. तू लिहितोस:

'डोळ्याचं वाईट झालं. कॅटलॉग वाचत बसू नकोस. दुकानात डोळे मिट, बंदूक खांद्याला लाव, मग डोळे उघड. मान न हलवता दुर्बिणीत पुरा गोल दिसला तर ती तुझी. बोल्टची मूठ मोठी घे, माझी आहे तशी.'

माझी आहे तशी. हे मी आधी एकदा वाचलं, मग चष्मा लावून वाचलं, मग तुइस्कूला वाचून दाखवलं. चाळीस वर्षांत तू मला सांगितलं नाहीस की तुझ्याकडे बंदूक आहे. मला वाटत होतं तू तिकडे मासेसुद्धा मारत नाहीस. कधी घेतलीस? कशावर मारतोस? डावरी आहे का? सविस्तर लिही, म्हणजे तुझ्या हिशोबाने सहा ओळी.

इकडे मी नवी बंदूक घेणार हे मंडळात कळलं आणि माझ्या अंगणात रांग लागली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं, हे बंदुकींच्या बाबतीत जितकं खरं आहे तितकं पोरांच्या बाबतीतही नसेल. ताउनो आता मंडळाचा प्रमुख आहे, हे तुला बहुतेक माहीत नसेल. तो म्हणाला, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचाच हवा. प्लास्टिकच्या दस्त्याची बंदूक म्हणजे नळी लावलेली बादली. आर्वी म्हणाला, प्लास्टिकच घे, त्याचं लाकूड गेल्या पावसात फुगलं आणि नेम एक वीत उजवीकडे गेला. ताउनो म्हणाला, नेम लाकडाने नाही, आर्वीने गेला. मग दोघांनी माझी कॉफीची किटली संपवली आणि माझ्या गरजेबद्दल एक अक्षर न विचारता निघून गेले.

माझी गरज साधी आहे. मी बुटकी आहे, त्यामुळे दस्ता आखूड हवा. दिवसभर कुत्रीमागे चालते, त्यामुळे वजन हलकं हवं. पण फार हलकी बंदूक खांद्याला लाथ मारते. सेफ्टीचा खटका हातमोजा न काढता सरकायला हवा. गोळ्यांचं मॅगझिन अंधुक उजेडात, गारठलेल्या बोटांनी निघायला आणि बसायला हवं. आणि नळी आखूड, कारण आजकाल सगळे पुढे आवाज गिळणारं नळकांडं लावतात, आणि लांब नळीला ते लावलं की बंदूक नव्हे, वल्हं घेऊन झाडीत शिरल्यासारखं होतं.

काजानीतल्या दुकानात भिंतभर बंदुका आहेत. दुकान मार्केत्ता नावाची मुलगी चालवते, आर्वीच्या पुतण्याची बायको. तिला म्हटलं, डावऱ्या दाखव. ती मला कोपऱ्यात घेऊन गेली. भिंतभर बंदुकांमधल्या डावऱ्या तीन. तू आयुष्यभर त्याच कोपऱ्यात उभा राहिला असशील, असं तिथे एकदम वाटलं.

तिन्ही हाताळल्या, पण डोळे मिटायचं धाडस झालं नाही. दुकानात गिऱ्हाईक होतं. पुढच्या खेपेला.

केर्त्तू

ता. क. दुसऱ्या गोष्टीबद्दल तू काही लिहिलं नाहीस. माझ्या लक्षात आलंय, एवढंच.


२३ जून

ओईवा,

उन्हाळ्याच्या सणाच्या शेकोट्या काल झाल्या. तळ्याकाठी सगळं गाव, डास, आणि ताउनोचं अकॉर्डियन. बंदुकीच्या बाबतीत तो लाकडाचा आग्रह धरतो, वाद्याच्या बाबतीत त्याने कशाचा तरी आग्रह धरायला हवा होता.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दर गुरुवारी कारखान्याच्या नेमबाजी मंडळात जातोस, एकवीस वर्षं. एकवीस वर्षं कागदावर मारतोस! शिकारीची परीक्षाही दिली आहेस, परवाना दर वर्षी नवा करतोस, आणि जंगलात एकदाही गेला नाहीस. ओईवा, हे म्हणजे लग्नाचा सूट दर वर्षी इस्त्री करून कपाटात टांगून ठेवायचा. मला हसू आलं, मग हसू गेलं.

तू लिहितोस, 'कागद पळून जात नाही.' मी यावर काही लिहिणार नाही. लिहायचं खूप आहे.

बंदूक ठरली. शुक्रवारी दुकानात एकटीच होते, तेव्हा तू सांगितलंस तसं केलं. पहिली अक्रोडाची. देखणी, दस्त्यावर पानंफुलं कोरलेली, ताउनो पाहता तर तिच्याशी लग्न लावून मोकळा झाला असता. डोळे मिटले, खांद्याला लावली, उघडले. दुर्बिणीत काळोख, आणि एका कडेला चंद्रकोरीएवढा उजेड. मान ताणली तेव्हा गोल दिसला. जंगलात मूस मला मान ताणायला वेळ देणार नाही. दुसरी जड होती. ती घेऊन दिवसभर चालायचं तर बरोबर गडी ठेवावा लागेल. तिसरी हिरव्या प्लास्टिकच्या दस्त्याची. दिसायला बादलीच, ताउनोचं चुकलं नाही. डोळे मिटले, लावली, उघडले, आणि समोर भिंतीवरचं कॅलेंडर पुरं गोल, मधोमध, काठावर सावली नाही. मार्केत्ताने दस्त्याच्या मागची एक चकती काढून तो माझ्या हाताच्या मापाने आखूड करून दिला. बोल्ट मागेपुढे केला तर लोण्यातून सुरी जावी तसा गेला. मूठ लहान होती, ती बदलून मोठी बसवायला सांगितली आहे. तुझी आहे तशी.

मार्केत्ताला विचारलं, वेगळा काही रंग? ती म्हणाली, मावशी, डावऱ्यांना रंग निवडता येत नाही.

पोलिसांकडे खरेदीच्या परवान्याचा अर्ज दिला. तिथल्या मुलाने विचारलं, जुनी बंदूक विकणार का. बाबांची. मी नाही म्हटलं. कारण विचारलं नाही, नाहीतर काय सांगितलं असतं कोण जाणे.

ऑगस्टमध्ये परीक्षा आहे. पंचाहत्तर मीटरवर लाकडी मूस, चार गोळ्या, चारही वर्तुळात. नाही जमलं तर यंदा मला हाक्यात आरडाओरडा करत हिंडावं लागेल. कुत्र्यांपेक्षा माझा आवाज मोठा आहे असं आर्वीचं मत आहे, त्यामुळे तोट्याचं नाही.

केर्त्तू


१८ ऑगस्ट

ओईवा,

आज जे झालं ते तुला सांगायलाच हवं, म्हणून वाफेच्या आंघोळीआधी लिहायला बसले. सौना तापतोय, तोवर पत्र होईल.

बंदूक जुलैत आली. पहिले दोन आठवडे माझी जी काही शोभा झाली ती विचारू नकोस. नेम धरला की सवयीने डावा डोळा मिटायचा, म्हणजे ज्याने दिसतं तोच. मग समोर नुसता डाग, आणि मी त्या डागावर मोठ्या विश्वासाने चाप ओढायची. पहिल्या दिवशी मी लाकडी मूस सोडून त्याच्या मागची सगळी टेकडी मारली. आर्वीने घरी जाऊन बायकोला सांगितलं की केर्त्तूने मुंग्यांचं वारूळ उडवलं. तेवढं खरं आहे.

पण हळूहळू जमलं. आज रविवारी सरावाला मी दोन्ही बंदुका घेऊन गेले, नवी आणि बाबांची. मनात काही नव्हतं. दोन्हींच्या नळ्या एकदमच साफ करून घ्याव्या, इतकाच विचार. ताउनोने नवी बघितली आणि व्हायचं तेच झालं. ही बादली कशाला घेतलीस, बोल्ट इकडे काय न् तिकडे काय, माणसाच्या अंगात असलं की कुठल्याही बंदुकीने मारतो, आमच्या वेळी कुणाला होत्या डावऱ्या बंदुका, वगैरे. सहासात जण बाकावर सॉसेज भाजत बसले होते, ते माना डोलवत होते.

मला राग आला नाही. खरंच नाही. मी बाबांची बंदूक त्याच्या हातात दिली आणि म्हटलं, "डाव्या खांद्यावरून मार. चालतं मूस लावू, दोन गोळ्या. नुसता बघ कसं वाटतं."

रुळावरून सरकणारं ते लाकडी मूस आपल्याकडे अजून आहे, फक्त शेपूट तुटली आहे. आर्वीने कळ दाबली. मूस झुडपातून निघालं. ताउनोची पहिली गोळी ढुंगणाच्या मागून गेली. मग त्याने डावा हात वरून उजवीकडे नेला, तर कोपर दुर्बिणीत अडकलं. बंदूक खाली घेतली, मूठ ओढली, रिकामं काडतूस त्याच्याच कपाळावर आपटलं. पुन्हा खांद्याला लावून वर बघतो तर मूस पलीकडच्या झुडपात. त्याने परत मागितलं. परत तेच. तिसऱ्यांदा त्याने दुसरी गोळी घाईत भरली ती वाळूत पडली.

मग एकेक उठला. आर्वी, त्याचा भाऊ, शाळेतले मास्तर. प्रत्येकाला वाटलं ताउनो म्हातारा झालाय, आपल्याला जमेल. सॉसेज करपली. एकालाही मूस झुडपात जायच्या आत दुसरी गोळी मारता आली नाही. मलाही नाही, मी शेवटी मारून बघितली. हात पलीकडे जातो तेव्हा नजर सुटते, ओईवा. मूस दिसेनासं होतं, आणि परत दिसतं तेव्हा ते आपलं राहिलेलं नसतं. तू एकोणीस वर्षांचा होतास आणि तुला हे तोंडाने सांगता येत होतं, तरी कुणी ऐकलं नाही.

ताउनो बाकावर बसून कपाळ चोळत होता. तसाच चोळत म्हणाला, "म्हणजे अंगण वाकडंच होतं."

मी वाळूत पडलेली गोळी उचलून पुसली.

"चाळीस वर्षं हसलोय मी त्या पोराला, केर्त्तू. दर जेवणाला ती गोष्ट सांगतो. गेल्या वर्षीही सांगितली."

मी म्हटलं, हो, मी तिथेच होते, रस्सा वाढत होते. त्याने बाबांची बंदूक दोन्ही हातांनी माझ्याकडे परत दिली आणि तो करपलेलं सॉसेज खाऊ लागला. मोहरीची चटणीसुद्धा घेतली नाही.

सौना तापला. जाते.

ताई


८ सप्टेंबर

ओईवा,

पास झाले. चार गोळ्या, चारही वर्तुळात, त्यातल्या दोन एकमेकींना चिकटून. परीक्षक म्हणाले, डावखुऱ्या बाईचा नेम छान आहे. मी डावखुरी नाही, नुसती हट्टी आहे, हे त्यांना सांगितलं नाही.

तुझ्याकडून ऑगस्टच्या पत्राला उत्तर नाही. असू दे. पण काल मंडळाची बैठक झाली, ती सांगते.

बैठक मांस कापायच्या शेडमध्ये होते, हे बदललेलं नाही. ठाणी अजूनही चिठ्ठ्या टाकून ठरतात, आणि चिठ्ठ्या अजूनही ताउनोच्या टोपीत. दलदलीच्या कडेचं ठाणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. आपल्या हद्दीतली अर्धी मुसं तिथून जातात. ज्याला ते मिळतं त्याचा बाकीचे हिवाळाभर द्वेष करतात. ताउनोने टोपी फिरवायच्या आधी तिच्यात हात घातला, ती चिठ्ठी शोधून काढली आणि खिशात टाकली. म्हणाला, हे यंदा टोपीत नाही. ते ओईवाचं.

आर्वीने विचारलं, ओईवा येतोय का. ताउनो म्हणाला, माहीत नाही. आर्वी म्हणाला, मग तो आला नाही तर सगळ्यांत चांगली जागा रिकामी ठेवायची? मुसं काय हात हलवून निरोप घेत जाणार?

ताउनो म्हणाला, "जातील. आपण त्याला एक मूस देणं लागतो."

तुला ही माणसं माहीत आहेत. यांनी एकेका शिंगाच्या टोकावरून दहा दहा वर्षं अबोला धरलाय. मला वाटलं, आता भांडण होणार. आर्वीने टोपी पुढे ओढली, स्वतःची चिठ्ठी काढली, त्याला खडीच्या खाणीमागचं ठाणं आलं, जिथे जन्मात कधी मूस गेलं नाही, आणि ती खिशात घालून तो घरी गेला.

म्हणून आता सरळ विचारते. शिकार १२ ऑक्टोबरला सुरू होते. येशील का? तुझी बंदूक, तुझा बोल्ट, तुझं ठाणं. नाही आलास तरी मी रागावणार नाही. फक्त वाईट वाटेल, आणि ते मी लपवणार नाही.

ताई


१३ ऑक्टोबर

ओईवा,

तू आला नाहीस. ठीक आहे. काय काय झालं ते सांगते, कारण ते तुझं आहे.

काल सकाळी गवतावर दव गोठलं होतं आणि वारा पडला होता. मला कड्यावरचं ठाणं मिळालं होतं. तिथून दलदल सगळी खाली दिसते. नऊच्या सुमारास तुइस्कू भुंकायला लागली, एका जागी, सारखी, म्हणजे तिने मूस अडवलं होतं. मग भुंकणं सरकायला लागलं. वॉकीटॉकीवर आर्वी कुजबुजला, "दलदलीकडे चाललंय."

सगळ्यांना माहीत होतं तिथे कुणी नाही.

ते कडेच्या झाडीतून बाहेर आलं. नर होता, मोठा, शिंगं फावड्यासारखी पसरलेली. मी दुर्बिणीतून बघत होते. मान हलवावी लागली नाही, पुरा गोल. फार लांब होतं, आणि जवळ असतं तरी मी मारलं नसतं. ते थेट तुझ्या ठाण्यापाशी आलं. तिथल्या बसायच्या फळीला त्याने नाक लावलं, जणू कोण बसणार होतं ते विचारत होतं. मग दलदलीत उतरलं आणि मधोमध निघालं. घाई नाही. गुडघ्याएवढ्या चिखलातून एकेक पाय उचलत, बाबांनी नकलेत दाखवलं होतं ना, अगदी तसं. फक्त या वेळी ते बघताना मला हसू आलं नाही, आणि रडूही नाही. छान दिसत होतं ते.

वॉकीटॉकीवर कुणीतरी दबक्या आवाजात विचारलं, कुठल्या बाजूने जातंय, पुढे गाठता येईल का. ताउनो म्हणाला, "जाऊ द्या. ते ओईवाचं आहे."

दुपारी मी एक तरुण मूस पाडलं, एका गोळीत, डाव्या खांद्यावरून. सगळ्यांनी माझ्याशी हात मिळवले. ताउनोने माझ्या हिरव्या दस्त्यावरून हात फिरवला आणि म्हणाला, बादली बरी आहे. संध्याकाळी शेकोटीपाशी मोठ्या नराबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. बटाट्यांबद्दल बोलले. इतकी वर्षं मी या लोकांबरोबर आहे, हातचं मूस गेलं आणि कुणी हसलं नाही असं पहिल्यांदा झालं.

पुढच्या शनिवारी ती जागा रिकामी असेल. त्याच्या पुढच्याही. ताउनोने सांगितलंय, मोसम संपेपर्यंत. मी तुझ्यावर दडपण आणतेय का? आणतेय.

ताई


२ नोव्हेंबर, शनिवार. स्वयंपाकघराच्या टेबलावर

ओईवा,

तू झोपला आहेस म्हणून लिहून ठेवते. प्रवासाने दमलास, साडेसातपर्यंत झोप. कॉफी थर्मासमध्ये, राय धान्याची भाकरी फडक्याखाली, चीज फ्रिजमध्ये. क्लाउडबेरीचा मुरंबा मागच्या फळीवर, सगळा संपवलास तरी चालेल. बंदुकीची पेटी दिवाणखान्यात तू ठेवलीस तिथेच आहे. मी फक्त एकदा उघडून बोल्टची मूठ बघितली. आपल्या दोघांच्या सारख्याच आहेत.

ताउनो आठला गाडी घेऊन येईल आणि तुला ठाण्यापर्यंत सोडील. काल तू येतोयस कळल्यावर त्याने दोनदा फोन करून विचारलं, त्याच्याशी बोलायचं काय. माफी मागायची आहे त्याला, पण ती त्याने कधी मागितलेली नाही, त्यामुळे कुठून सुरू करतात ते ठाऊक नाही. मी त्याला म्हटलं, माझं पत्र वाचून ओईवाने फोन केला तेव्हा मला पहिला प्रश्न विचारला तो 'शिंगांना टोकं किती होती?' असा होता, तेव्हा तू शिंगांबद्दल बोल. तो तोंड उघडून मिटेल, मग परत उघडेल. तू घाई करू नकोस, गाडीचा रस्ता तसा लांबचा आहे.

मी कुत्री घेऊन लवकर निघते, कारण आज मी हाक्यात आहे. म्हणजे जे काही दलदलीकडे येईल ते मी पाठवलेलं असेल. ते आलं तर मार, नाही मारावंसं वाटलं तर नुसतं बघ. एक गोळी, दोन गोळ्या, शून्य गोळ्या, तुझी मर्जी. ठाणं तुझं आहे, त्यात काय करायचं ते तू ठरवायचं.

पहाटे मी तुझ्या खोलीच्या दाराशी उभी होते. तू बाबांसारखा घोरतोस. हे तुला आवडणार नाही, पण मला फार बरं वाटलं.

तुइस्कू दार खरवडतेय. निघते. आणखी पाच मिनिटं थांबले तर तुला उठवीन, आणि उठवलं की रडेन, आणि भरल्या डोळ्याने नेम लागत नाही. माझ्याकडे तर आता एकच उरलाय.

ताई